वाड्यातलं भूत नवरदेव कसं झालं

माझी भाची लातूरला नीटची तयारी करतीय. मागच्या महिन्यात ती सुट्टीला घरी आली होती आणि सकाळी साडेपाचलाच अक्काचा फोन, मला वाटलं आता काय झालं बाई, तर झालं काहीच नव्हतं, पोरीच्या मोबाईलमध्ये एक गोष्ट उघडी सापडली होती, भाग ८७, आणि त्यातली नायिका ज्याच्यावर जीव टाकायली तो गडी ३०० वर्षांपूर्वीच मेलेला. "आगं, भुताशी कुणी लगीन लावतंय का? आपण मुंजाच्या पिंपळाखालून चपला हातात घेऊन पळायचो, आन् ही त्याला आय लव्ह यू म्हणायली. तू इंग्रजीत एमए केलंस ना, सांग की मग हे काय खूळ हाय ते."

फोनवर अर्धा तास सांगितलं. "हं, हं" आलं पण डोक्यात काही शिरलं नाही हे कळत होतं. म्हणून इथं सावकाश लिहिते, अक्कासाठी पण आणि ज्यांच्या घरी असली पोरगी आहे त्यांच्यासाठी पण.

तर या प्रकाराला म्हणतात पॅरानॉर्मल रोमान्स. दोघांपैकी एक जण माणूस नसतो (व्हॅम्पायर म्हणजे रक्तपिपासू, नाहीतर लांडगा होणारा माणूस, भूत, शापित देवदूत, काहीही), पण गोष्ट भुताची नसते, प्रेमाची असते, आणि शेवट गोड लागतो. हा गोड शेवट म्हणजे वाचकाशी केलेला करारच आहे. भयकथेत शेवटी कोण मरेल याचा नेम नसतो, इथं कितीही रक्त सांडलं तरी शेवटच्या पानावर ती दोघं सोबत असणार हे पहिल्या पानावर माहीत असतं. त्यामुळं वाचणारी पोरगी घाबरायला निर्धास्तपणे बसते. जत्रेतल्या पाळण्यात बसतो तसं, पोटात गोळा येतो पण पट्टा बांधलेला आहे हे माहीत असतं.

पण हे आलं कुठून, तर गॉथिक कादंबरीतून. आता गॉथिक म्हणजे काय हे मराठवाड्याच्या माणसाला सांगायला सोपं आहे, देवगिरी एक्सप्रेसनं सकाळी सीएसएमटीला उतरा, बाहेर या आणि वळून स्टेशनकडं वर बघा. त्या टोकदार कमानी, रंगीत काचा, भिंतीतून तोंड काढून बघणारे दगडी प्राणी, हा सगळा गॉथिकचाच नंतरचा, व्हिक्टोरियन अवतार. मुळात गॉथ हे युरोपातले टोळीवाले लोक, त्यांचा या इमारतींशी काही संबंध नाही, पण पुढं इटलीतल्या शहाण्या लोकांनी मध्ययुगातल्या बांधकामाला नावं ठेवायला हा शब्द वापरला. गॉथिक म्हणजे अडाणी, रानटी. शिवीच होती ती.

मग १७६४ मध्ये होरेस वॉलपोल नावाच्या इंग्रज माणसानं 'द कॅसल ऑफ ओट्रान्टो' लिहिली. हा तिथल्या माजी पंतप्रधानाचा मुलगा, स्वतः खासदार, आणि जुन्या किल्ल्यांचं इतकं वेड की थेम्सकाठी स्वतःचं घरच खोट्या किल्ल्यासारखं बांधलेलं. पुस्तक स्वतःच्या नावावर काढायची लाज वाटली असावी, म्हणून सांगितलं की ही जुनी इटालियन पोथी एका खानदानी घरात सापडली, आपण फक्त भाषांतर छापलं. खपली तेव्हा दुसऱ्या आवृत्तीत कबूल झाला आणि वर 'अ गॉथिक स्टोरी' असं लिहिलं. गोष्ट काय, तर लग्नाच्या दिवशीच नवरदेवाच्या अंगावर आभाळातून एक अवाढव्य शिरस्त्राण पडतं आणि तो चेंगरून मरतो, मग त्याचा बाप म्हणतो मीच आता हिच्याशी लग्न करतो, आणि ती पोरगी भुयारातून पळत सुटते. आज वाचलं तर हसू येतं, मला तरी आलं, पण पुढच्या अडीचशे वर्षांचं सामान त्यात आहे: पडका किल्ला, जुलमी मालक, जुनं पाप, भुयार आणि त्यातून दिवा घेऊन पळणारी पोरगी.

हे सामान आपल्याला परकं नाही. आमच्या आजोळी गढी आहे, म्हणजे होती, आता पांढऱ्या मातीचा ढिगारा आणि एक बुरूज उरलाय, दर पावसाळ्यात थोडा थोडा खचतो आणि गावातले लोक माळवदावर टाकायला तिथलीच माती नेतात. लहानपणी सांगायचे की आत भुयार आहे ते थेट देवगिरीला निघतं (मराठवाड्यातल्या प्रत्येक गढीचं भुयार थेट कुठल्यातरी किल्ल्याला निघतं, कुणी जाऊन बघितलेलं नसतं), आणि अमावस्येला पेवातून बांगड्यांचा आवाज येतो. निजामाचं राज्य १९४८ ला गेलं, पुढच्या वर्षी जहागिरी गेल्या, गढ्या रिकाम्या झाल्या, आणि माझा अंदाज असा की गावागावातल्या या बांगड्या त्यानंतरच जोरात वाजायला लागल्या असतील. ज्याच्या दारात मान वर करून बघायची सोय नव्हती त्याचं घर पडतं तेव्हा लोक त्यात भूत बघतात. गॉथिकचं इंजिन हेच आहे. सत्ता गेली, पण ती जिथं बसायची तो वाडा अजून उभा आहे आणि आत काय काय झालं ते कुणी बोलत नाही.

वॉलपोलनं सुरुवात केली पण गॉथिक घराघरात नेली बायांनी. ॲन रॅडक्लिफ ही त्यातली सगळ्यात मोठी, १७९४ ला तिची 'द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो' आली आणि प्रकाशकानं तिला ५०० पौंड दिले, त्या काळात ही दाबून रक्कम होती. तिची खासियत अशी की भूत दाखवायचं आणि शेवटी त्याचा उलगडा करायचा. नायिका काळा पडदा उचलते, आत बघते, बेशुद्ध पडते, आणि आत काय होतं हे वाचकाला शेकडो पानांनी कळतं, की तो मेणाचा पुतळा होता! जेन ऑस्टिननं या प्रकाराची पुढं मस्त टिंगल केली, तिची नायिका पाहुणी म्हणून गेलेल्या घरात मध्यरात्री थरथरत जुनं कपाट उघडते, आत गुंडाळलेले कागद, सकाळी वाचते तर धुण्याचा हिशोब.

पण रॅडक्लिफनं एक गोष्ट फार नेमकी सांगून ठेवलीय. ती म्हणते भीती दोन प्रकारची. माझ्या शब्दात सांगते: अंधारात पैंजण वाजलं आणि कोण आहे ते दिसत नाही, ही धास्ती. दिवा लावला आणि पुढ्यात सडलेलं मढं दिसलं, ही किळस. धास्तीनं माणूस जागा होतो, कान टवकारतो. किळस आली की आक्रसतो. रोमान्सला पाहिजे ती धास्ती, कारण प्रेमात पडताना शरीराचं जे होतं ते जवळपास तेच, छाती धडधडते, हात गार पडतात, झोप उडते. यावर १९७४ चा एक प्रयोग पण प्रसिद्ध आहे, कॅनडातल्या व्हँकुव्हरजवळ दरीवरच्या हलणाऱ्या झुलत्या पुलावर पुरुषांना एका तरुणीनं काही प्रश्न विचारले आणि फोन नंबर दिला, तसंच जवळच्या पक्क्या पुलावर पण केलं, तर हलणाऱ्या पुलावरच्यांनी तिला नंतर जास्त फोन केले. धडधड पुलामुळं होती, त्यांना वाटलं पोरीमुळं आहे. या प्रयोगावर पुढं वाद झालेत, पण ज्यानं कुणी देवगिरीच्या अंधाऱ्या भुयारी वाटेत वटवाघळांच्या वासात कुणाचा तरी हात धरलाय त्याला ते पटायला कॅनडा लागत नाही.

आता खरा मुद्दा, आणि अक्का, हा तुला माझ्यापेक्षा जास्त कळतो. बायांनाच ही गोष्ट का आवडली? १९७३ मध्ये जोआना रस नावाच्या लेखिकेनं अशा कादंबऱ्यांवर एक लेख लिहिला, त्याच्या नावाचाच अर्थ असा की कुणीतरी माझ्या जिवावर उठलंय आणि मला वाटतं तो माझा नवराच आहे. तेव्हा अमेरिकेत या पुस्तकांचा पूर आला होता, प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर तेच चित्र, पांढऱ्या कपड्यातली बाई पळतीय, मागं काळा वाडा, वरच्या एकाच खिडकीत उजेड. आता तुझं लग्न आठव. तू २० वर्षांची, माणूस दोनदा बघितलेला, तेही चहाचा ट्रे हातात धरून. एका रात्रीत तुला एका जुन्या वाड्यात नेऊन सोडलं, तिथं कोण कुणावर रुसलंय, कुठल्या खोलीत कोण मेलं, आधीची सून का गेली, काही माहीत नाही, किल्ल्यांचा जुडगा सासूच्या कमरेला, आणि तो माणूस रात्री गप्प गप्प असायचा तर तो रागावलाय का लाजतोय हे कळायलाच तुला वर्ष गेलं, तूच सांगितलंय. गॉथिक कादंबरी म्हणजे हीच गोष्ट, फक्त पाऊस जास्त.

युरोपात या गोष्टीचे दोन जुने नमुने आहेत. एक ब्लूबिअर्ड, १६९७ ला शार्ल पेरोनं छापलेला: नवरा सगळ्या किल्ल्या देतो, एक खोली उघडू नको म्हणतो, ती उघडते, आत आधीच्या बायकांची प्रेतं. दुसरा ब्यूटी अँड द बीस्ट, १७४० ला मादाम द व्हिलनव्हनं लिहिलेला, ज्यात बापाच्या चुकीपायी पोरगी एका जनावराच्या महालात जाते आणि तो जनावर मनानं चांगला निघतो. एकीत नवरा राक्षस निघतो, दुसरीत राक्षस नवरा निघतो. उरलेली सगळी गॉथिक आणि सगळा पॅरानॉर्मल रोमान्स या दोन्हींमध्ये हेलकावे खातोय. १८४७ ची 'जेन आयर' बघ, शार्लट ब्राँटेची. नायक भूतबीत नाही, पण माळ्यावरून रात्री हसण्याचा आवाज येतो, आणि ऐन लग्नात कळतं की वर त्याची पहिली बायको कोंडलेली आहे. म्हणजे ब्लूबिअर्डच की हा. आणि तरी जेन शेवटी त्याच्याकडंच जाते, पण कधी, तर वाडा जळून खाक झाल्यावर, त्याची नजर गेल्यावर आणि हिच्या हातात स्वतःचा वारशाचा पैसा आल्यावर. आधी नाही. ही व्यवहाराची बाजू लोक विसरतात.

आता व्हॅम्पायरकडं येते, कारण भाग ८७ चा हिरो तोच आहे. मुळात व्हॅम्पायर हा काही देखणा गडी नव्हता. १७२०-३० च्या दशकात सर्बियाच्या खेड्यांतून बातम्या आल्या की मेलेले शेतकरी कबरीतून उठून लोकांना त्रास देतायत, ऑस्ट्रियाच्या सैन्याचे डॉक्टर जाऊन प्रेतं उकरून रिपोर्ट लिहून आले. त्यातला व्हॅम्पायर फुगलेला, लालबुंद, तोंडाला रक्त लागलेला. आपला खवीस परवडला. याच्याशी कोण लग्न लावणार?

याला सूट घातला जॉन पोलिडोरी या पोरसवदा डॉक्टरनं. १८१५ ला इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याची राख आभाळात राहिली, १८१६ ला युरोपात उन्हाळाच आला नाही. जिनिव्हाच्या तळ्याकाठी एका बंगल्यात कवी बायरन, कवी शेली, पुढं त्याची बायको झालेली मेरी आणि बायरनचा हा डॉक्टर पावसानं अडकून पडले, तेव्हा बायरन म्हणाला प्रत्येकानं एक भुताची गोष्ट लिहा. मेरीची 'फ्रँकेन्स्टाइन' झाली, ती सगळ्यांना माहीत आहे. पोलिडोरीची 'द व्हॅम्पायर', १८१९ ला छापली, आणि त्यातला रक्तपिपासू पहिल्यांदा लॉर्ड होता, गोरा, थंड डोळ्यांचा, पार्ट्यांमध्ये फिरणारा, बाया ज्याच्यामागं वेड्या होतात असा. म्हणजे सरळ सरळ बायरन! त्याचं नाव लॉर्ड रुथव्हेन, आणि हे नाव पोलिडोरीनं उचललं कुठून, तर लेडी कॅरोलाइन लॅम्बच्या कादंबरीतून, जी बायरननं सोडून दिलेली प्रेयसी होती आणि जिनं त्याच्यावर सूड म्हणून ती लिहिली होती. म्हणजे आज पोरी ज्या हिरोवर मरतात त्याच्या खापरपणजोबांचं नाव एका चिडलेल्या बाईनं ठेवलंय. मला ही गोष्ट फार आवडते.

पुढं १८७२ ची 'कार्मिला' (यात व्हॅम्पायर बाई आणि तिचा जीव जडतो तोही पोरीवरच), १८९७ ची 'ड्रॅक्युला'. एक गंमत म्हणजे ड्रॅक्युला दिवसा पण फिरायचा, उन्हानं जळून मरायचं प्रकरण १९२२ च्या एका जर्मन मूकपटानं आणलं. मग मोठा बदल झाला १९७६ मध्ये, ॲन राइसच्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'मध्ये, तिथं टेपरेकॉर्डर चालू आहे आणि व्हॅम्पायर स्वतः आपली कहाणी सांगतोय. तोवर बहुतेक त्याच्याबद्दल बाकीचेच बोलायचे, त्याला कसं मारायचं ते ठरवायचे. एकदा बोलायला लागला की त्याला मन आलं, पस्तावा आला, एकटेपणा आला. आणि एकटा, पस्तावलेला, श्रीमंत, अविवाहित पुरुष दिसला की रोमान्स लिहिणारे त्याला सोडतात का? ९० च्या दशकात रांगच लागली, आणि २००५ ला 'ट्वायलाइट' आली तिच्या मालिकेच्या १० कोटींहून जास्त प्रती खपल्या.

माझं मत सांगते, मोडकंतोडकं आहे. गॉथिकमध्ये वाडा असतो. पॅरानॉर्मल रोमान्समध्ये नायक हाच वाडा असतो. तो ३०० वर्षं जुना, आत अंधार, बंद खोल्या, कुणीतरी आधीची बाई, सांगायचं नाही असं पाप, आणि रात्री जागा. गॉथिकची नायिका दिवा घेऊन वाडाभर हिंडते, ही नायिका दिवा घेऊन त्याच्या मनात हिंडते. आणि फरक असा की इथं किल्ल्या तिला मिळतात. हजार माणसांना न सांगितलेलं तो हिलाच सांगतो. आता बघ, ज्या पोरीला सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत टेस्ट सिरीज आहे, जिला कुणी मार्क सोडून दुसरं काही विचारत नाही (अक्का, राग मानू नको, पण तू पण), तिला एक जण असा भेटतो ज्याच्याकडं अख्खा अनंत काळ आहे आणि तो सगळा तो हिच्याकडं बघण्यात घालवतोय. दातांचं काय घेऊन बसलीस, ते ती चालवून घेते.

आणि हे सगळं बाहेरून आलं असं समजू नको. आपल्या पैठणचाच गुणाढ्य घे. कथासरित्सागरात सांगितलंय की प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाच्या दरबारात हा पंडित होता, एका पैजेत हरला आणि संस्कृत, प्राकृत, देशी तिन्ही भाषा सोडून बसला, मग जंगलात जाऊन पिशाचांची भाषा शिकला आणि तीत ७ लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानं. रक्तानं, पिशाचांच्या भाषेत, यापुढं काय गॉथिक पाहिजे! राजानं नाक मुरडलं. मग गुणाढ्य एकेक पान जनावरांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा, जनावरं चरायची सोडून रडत ऐकत बसली, राजाच्या ताटात वाळलेलं मटण यायला लागलं तेव्हा चौकशी झाली, तोवर ६ लाख श्लोक जळाले होते. उरलेल्या एका लाखाची कथा म्हणजे नरवाहनदत्ताची, आणि तो माणूस असून आकाशातल्या विद्याधर मुलींशी एकामागून एक लग्नं लावत सुटतो. आपला वेताळ पंचविशीतला वेताळ पण त्याच कथासरित्सागरात आहे.

त्याआधीची ऋग्वेदातली उर्वशी, पुरुरव्याची. ती अप्सरा, तो माणूस, आणि ब्राह्मणग्रंथात तिची अट अशी की तू मला कधी उघडा दिसायचा नाहीस. गंधर्व तिची कोकरं चोरतात, हा तसाच उठून धावतो, वीज चमकते, संपलं. पॅरानॉर्मल रोमान्समध्ये पण अशी एक अट असतेच, अमावस्येला येऊ नको, रक्त दाखवू नको, फक्त तिथं मोडलेली अट शेवटी जुळवून घेतात. ऋग्वेदात उर्वशी सरळ सांगते की बायांशी मैत्री टिकत नाही, त्यांची काळजं लांडग्यांची असतात, घरी जा. अप्सरा शब्दावरनंच आसरा झाला म्हणतात, म्हणजे विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड ज्यांना आपण हळदकुंकू वाहतो, त्या साती आसरा या तिच्याच गणगोतातल्या.

मात्र एक फरक मला नेहमी जाणवतो. पंचमीची कहाणी आठव, माहेर नसलेली धाकटी सून वाट बघत बसते आणि शेषनाग माणसाचं रूप घेऊन तिचा मामा बनून न्यायला येतो, तिला पाताळात नेतो. सासरी अडकलेल्या बाईनं आपल्याकडं अमानवी माणूस मागितला तो माहेर म्हणून. प्रियकर म्हणून मागायची सोय नव्हती. भाचीच्या गोष्टीतल्या पोरीनं ती सोय करून घेतली, एवढाच काय तो पिढीचा फरक.

यात खटकण्यासारखं काही नाही का? आहे की. हिरो न विचारता रात्री खिडकीतून येऊन झोपलेल्या पोरीला बघत बसतो, तिचा पाठलाग करतो, मित्रांशी बोलू देत नाही, आणि याला प्रेम म्हणतात. कॉलेजच्या गेटवर बाईक लावून बसणारा पण स्वतःला तसंच समजतो. काही लेखिका हे जाणून लिहितात, तिथं नायिका त्याला बाहेर काढते आणि परत आत घ्यायचं का ते स्वतः ठरवते. बऱ्याच जणी ८७ भाग ओढायचे म्हणून काहीही लिहितात. हे मी भाचीला पण विचारलं. ती म्हणाली, "मावशी, खिडकीला ग्रिल आहे, आन् रेक्टर मॅडम ड्रॅक्युलाला पण आधी रजिस्टरमध्ये सही करायला लावतील."

तर अक्का, मोबाईल काढून घेऊ नको. त्यापेक्षा 'कार्मिला' वाच, छोटी आहे, दोन दुपारीत होते, जुनी असल्यामुळं इंग्रजीत नेटवर फुकट मिळते. इंग्रजी जड गेली तर पोरीला वाचून दाखवायला सांग, नीटचा पेपर झाल्यावर.